एअरलॉकमध्ये थांबणं आणि धक्क्यावर राहणं : एका विद्यार्थिनीचं प्रकरण

नवरात्राची तिसरी माळ. देवळात कीर्तन संपून मखराची आरती सुरू झाली होती, सगळा गाव सभामंडपात दाटला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईने माझा हात धरला आणि मला बाहेर दीपस्तंभापाशी घेऊन आली. म्हणाली, "बाई, उद्या जरा घरी येऊन जा. परवापासून ती धड जेवलेली नाही. शिक्षण सोडते म्हणते."

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी विज्ञान शिकणाऱ्या मुलींचं एक छोटं मंडळ चालवते. ही मुलगी त्यातली सगळ्यात जुनी. पुढे जे घडलं ते तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नाव आणि गाव सांगत नाही. अशा मुलींशी बोलणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना हे प्रकरण उपयोगी पडावं, एवढ्यासाठीच लिहिते आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे आणि तीही मी गाळणार नाही.

काय घडलं होतं

मुलगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय समुद्रविज्ञान. प्रबंधाचा विषय आपल्याच किनाऱ्यासमोरच्या पाण्याचा. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यात खतासारखी पोषकद्रव्यं भरपूर असतात, प्राणवायू मात्र कमी असतो. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी येऊन झाकणासारखं बसतं. त्या खतावलेल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात, मरतात, तळाला जाऊन कुजतात, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागेवर तर पुन:पुन्हा जाऊन. हिला तेच थोडं आणखी दूर, अठरा दिवसांच्या क्रूझवर, म्हणजे संशोधनाच्या जहाजफेरीवर, जाऊन मोजायचं होतं.

तयारी सहा आठवड्यांची. बाटल्या सौम्य आम्लात भिजवायच्या, ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-तीनदा विसळायच्या, उपड्या वाळवायच्या, मग प्रत्येकीवर स्टेशनचा, म्हणजे समुद्रात नमुना घ्यायच्या ठरलेल्या जागेचा, क्रमांक आणि पाणी किती खोलवरचं ते लिहायचं. बारा स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी आठ वेगवेगळ्या खोलींवरचं पाणी, दोन-दोन बाटल्या : एकशे ब्याण्णव. चिठ्ठ्या पेन्सिलीने, कारण शाई ओल्या हाताला टिकत नाही. गणपतीच्या सुट्टीत घरी आली होती तेव्हा माटोळीची फळं उतरवून झाल्यावर तिने मला पडवीत बसवून पाणी कसं काढायचं ते दाखवलं होतं. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी अलगद वर चढू द्यायचं, तोंडावरून ओसंडू द्यायचं, नळी हळू वर ओढायची आणि काचेचं बूच बसवायचं. एकसुद्धा बुडबुडा आत राहता कामा नये, नाहीतर हवेतला प्राणवायू मोजला जातो, समुद्रातला नाही. मग त्यात मँगनीजच्या क्षाराचं आणि आयोडाइड घातलेल्या अल्कलीचं द्रावण सोडायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. "आणि नसेल तर, बाई, पांढरा." हे सांगताना तिचे डोळे जे झाले होते ते मी शाळेत सव्वीस वर्षांत मोजक्याच मुलांचे पाहिले.

निघायच्या चार दिवस आधी तिचं नाव राखीव यादीत गेलं. दोन बंकांच्या, म्हणजे दोन खाटांच्या, एका केबिनमध्ये ती आणि दुसऱ्या ठिकाणची एक संशोधक असं ठरलेलं. ती दुसरी बाई आजारी पडली. आता केबिनमध्ये ही एकटीच, म्हणजे एक बंक रिकामा जाणार. त्याऐवजी तिच्या वर्गातला मुलगा आणि आणखी एक पुरुष संशोधक त्या केबिनमध्ये घातले की बंकही भरतात आणि माणसंही वाढतात. क्रूझ आखणाऱ्या संस्थेने तसं केलं. निरोप फोनवर आला. ओरडा नाही, अपमान नाही, "पुढच्या वेळी नक्की" असं गोड बोलणं.

तरी ती मुरगाव बंदरावर गेली. बाटल्यांचे क्रेट तिच्या ताब्यात होते, ते पोचवायचे होते. कोणता क्रेट कोणत्या स्टेशनसाठी हे तिने त्या मुलाला समजावून सांगितलं, यादीवर त्याची सही घेतली, आणि जहाज सुटेपर्यंत धक्क्यावर उभी राहिली. मग वास्कोहून फोंड्याची बस पकडून घरी आली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

माझा पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

मी दुसऱ्या दिवशी गेले ती एक तयार गोष्ट घेऊन. माझ्याकडे ती गोष्ट वर्षानुवर्षं आहे, मंडळातल्या प्रत्येक मुलीला मी ती सांगते, आणि अजूनही मला ती फार मोलाची वाटते. डॉ. कॅथरिन सुलिव्हन यांची.

जन्म ३ ऑक्टोबर १९५१, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात. वाढल्या कॅलिफोर्नियात. वडील विमानं-अवकाशयानांच्या क्षेत्रातले अभियंता. सांताक्रूझच्या विद्यापीठात गेल्या त्या परकीय भाषा शिकायला. तिथे विज्ञानाचे काही वर्ग सक्तीचे होते म्हणून समुद्री जीवशास्त्र आणि भूविज्ञानाच्या वर्गात जाऊन बसल्या, आणि तिथेच रमल्या. एक वर्ष नॉर्वेत बर्गनला काढलं, १९७३ मध्ये पृथ्वीविज्ञानाची पदवी घेतली, मग कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात १९७८ मध्ये भूविज्ञानाची पीएच.डी. ते सगळं काम अटलांटिकच्या तळाचं. जहाजावरून जाऊन, गार वाऱ्यात, यंत्रं समुद्रात सोडून केलेलं.

त्याच वर्षी अवकाशसंस्था नासाने शटलसाठी, म्हणजे पुन:पुन्हा वापरता येणाऱ्या अवकाशयानासाठी, पस्तीस जणांची तुकडी निवडली. अर्ज आठ हजारांहून जास्त होते. पहिल्यांदाच त्यात स्त्रिया होत्या, सहा जणी : सॅली राईड, ज्युडिथ रेस्निक, अ‍ॅना फिशर, रिया सेडन, शॅनन ल्युसिड आणि सुलिव्हन. समुद्राचा तळ वाचणारी बाई अवकाशात कशाला, असं मुली विचारतात. मी सांगते : वरून पृथ्वी बघायला. ५ ऑक्टोबर १९८४ ला चॅलेंजर यान उडालं तेव्हा त्यातल्या सात जणांत सुलिव्हन होत्या, सॅली राईड होत्या आणि पॉल स्कली-पॉवर नावाचे समुद्रवैज्ञानिकही होते. एकाच यानात दोन स्त्रिया ही पहिलीच वेळ. यानावरचं रडार पृथ्वीच्या पृष्ठभागाची चित्रं घेत होतं. स्कली-पॉवर यांनी वरून समुद्रावरचे ते चक्राकार भोवरे पाहिले, जे जहाजावरून एका नजरेत कधीच दिसत नाहीत. ११ ऑक्टोबरला सुलिव्हन डेव्हिड लीस्त्मा यांच्याबरोबर यानाबाहेर पडल्या आणि साडेतीन तास बाहेर राहिल्या. उपग्रहात अवकाशातच इंधन भरता येईल का, हे तपासण्याचं ते काम. स्पेसवॉक करणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

जगात पहिली मात्र नाही. ७८ दिवस आधी, २५ जुलैला, रशियाच्या स्वेतलाना सावित्स्काया सल्यूत-७ या स्थानकाबाहेर पडल्या होत्या. याच सल्यूत-७ वर त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा राहून आले होते. सुलिव्हन यांचं नाव स्पेसवॉकसाठी आधीच जाहीर झालेलं होतं, तरी क्रमांक दुसरा लागला.

पुढे १९९० मध्ये हबल दुर्बिणीच्या मोहिमेवर, १९९२ मध्ये वातावरणाच्या अभ्यासाच्या मोहिमेवर. मग समुद्राकडे परत. अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान खात्याच्या मुख्य शास्त्रज्ञ, नंतर २०१४ ते २०१७ त्याच खात्याच्या प्रमुख. आणि ७ जून २०२० रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांच्याबरोबर एका छोट्या पाणबुडीतून पॅसिफिकमधल्या चॅलेंजर डीपच्या तळाला, सुमारे १०,९०० मीटर खाली. तिथे पोचलेली पहिली स्त्री. अवकाशात चाललेली आणि समुद्राच्या सगळ्यात खोल जागी उतरलेली जगातली पहिली व्यक्ती. वर आल्यावर त्यांनी फोन लावला तो आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला.

वर मी आपल्याकडचं उदाहरणही जोडलं. डॉ. अदिती पंत, नागपूरच्या जन्माच्या, आपल्या दोनापावलाच्या संस्थेतल्या. डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी भारतीय अंटार्क्टिका मोहीम याच गोव्यातून निघाली, तिच्यात त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-वैज्ञानिक. ज्या बंदरातून तू परत आलीस त्याच गोव्यातून त्या निघाल्या, असं मी म्हटलं. आणि बरं बोलले असं वाटून गप्प बसले.

ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाई, त्या सगळ्या गेल्या. मी गेलेच नाही."

ती पुढे काही बोलली नाही. तिच्या आईने सोलकढी आणून ठेवली, तीही तशीच राहिली. मी घरी आले आणि रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. मी तिला शिखरांची यादी वाचून दाखवली होती आणि ती धक्क्यावर उभी होती. न गेलेल्या माणसाला गेलेल्यांच्या गोष्टी सांगणं म्हणजे उपाशी माणसापुढे लग्नाचं ताट वाढून उचलून नेणं. शिक्षक म्हणून मला हे कळायला हवं होतं.

एअरलॉक

रविवारी ती वाचनालयात आली. आईने पाठवली म्हणून आली, हे तिच्या चेहऱ्यावरच होतं. या वेळी मी सुलिव्हन यांच्या आयुष्यातला एकच दिवस सांगितला. २५ एप्रिल १९९०.

हबल दुर्बीण अवकाशात सोडण्याच्या मोहिमेवर सुलिव्हन यांची नेमणूक झाली ती १९८५ मध्ये. १९८६ मध्ये उडायचं होतं. त्या जानेवारीत चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. त्यांत त्या पहिल्या सहा जणींपैकी ज्युडिथ रेस्निक होत्या. शटलची उड्डाणं अडीच वर्षांहून जास्त काळ बंद राहिली. हबल कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या कारखान्यात पडून राहिली.

या काळात सुलिव्हन आणि त्यांचे जोडीदार ब्रूस मॅककॅन्डलेस यांनी काय केलं, तर हत्यारं तपासली. हबल ही अवकाशातच दुरुस्त करता येईल अशी बांधायची होती. म्हणजे अवजड हातमोजे घातलेला माणूस अधांतरी तरंगत तिचा प्रत्येक बोल्ट सोडवू शकला पाहिजे, प्रत्येक पेटी बाहेर ओढू शकला पाहिजे, पाय अडकवायला जागा हवी, पाना निसटला तर तो दोरीला बांधलेला हवा. कागदावर सगळं जुळत होतं. पण कागदावर जुळणं वेगळं आणि खऱ्या दुर्बिणीवर खरा पाना बसणं वेगळं. ते दोघे आणि अभियंते मिळून एक-एक हत्यार प्रत्यक्ष दुर्बिणीवर लावून बघत होते. न बसणारं बदलून घेत होते. असं जवळपास पाच वर्षं.

मग तो दिवस. डिस्कव्हरी यान सहाशे किलोमीटरहून जास्त उंचीवर. स्टीव्हन हॉली यांनी यांत्रिक हाताने हबल मालवाहू कोठ्यातून उचलून वर धरली. यानाकडून तिला मिळणारी वीज तोडलेली. आता ती स्वतःच्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी काही तासच पुरणार. म्हणून लगेच तिचे सौरपट्टे उलगडायचे. पहिला उलगडला. दुसरा थोडासा उघडला आणि अडला.

हा प्रसंग येऊ शकतो हे धरूनच दोघांची तयारी होती. बाहेर जाऊन हाताने दांडा फिरवून पट्टा उघडायचा. दोघांनी अवकाशपोशाख चढवले, एअरलॉकमध्ये शिरले. एअरलॉक म्हणजे यान आणि पोकळी यांच्यामधली छोटी हवाबंद खोली. आतली हवा कमी करत न्यायची, दाब उतरला की बाहेरचं दार उघडायचं. हवा कमी होत होती. दार उघडायला थोडाच अवकाश होता.

आणि जमिनीवरच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं की पट्टा अडकलेला नाहीच. त्यावरचा ताण मोजणारी यंत्रणा खोटा इशारा देत होती. त्यांनी तो इशारा दुर्लक्षिण्याची आज्ञा पाठवली. पट्टा उलगडला. हबल सोडली गेली.

सुलिव्हन तेव्हा एअरलॉकमध्येच होत्या. ज्या दुर्बिणीवर पाच वर्षं हात ठेवले ती यानापासून दूर जाताना त्यांना दिसलीही नाही.

इथे ती पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "मग त्या आत काय करत बसल्या?"

"थांबल्या," मी म्हटलं. "तयार होऊन थांबल्या. ते त्यांचं कामच होतं." आणि मी पुढचं सांगितलं. दोन महिन्यांत कळलं की हबलचा मुख्य आरसाच चुकीचा घासला गेला आहे, कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चित्रं धूसर येत होती. दुर्बीण परत खाली आणणं फार खर्चाचं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या चौघांनी पाच स्पेसवॉक करून ती वरच दुरुस्त केली. वाकलेला एक सौरपट्टा कॅथरिन थॉर्नटन यांनी दोन हातांत धरून अवकाशात सोडून दिला. आधी बोल्ट सुटेल की नाही, पेटी निघेल की नाही, हे जमिनीवर पाहून ठेवलेलं नसतं तर ही दुरुस्ती कशाच्या जोरावर झाली असती? त्या पाच स्पेसवॉकमध्ये सुलिव्हन नव्हत्या. त्यांनी तोवर नासा सोडलं होतं.

मी म्हटलं, "तुझ्या एकशे ब्याण्णव बाटल्या आत्ता समुद्रात आहेत. तुझ्या अक्षरातल्या."

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, बात जमली. मग तिने जे म्हटलं त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

"बाई, सुलिव्हन थांबल्या कारण पट्टा उघडला. मी थांबले कारण खाट नव्हती. हे एक नाही."

दोन थांबण्यांतला फरक

ती बरोबर होती आणि मी चूक.

सुलिव्हन एअरलॉकमध्ये राहिल्या त्याचं कारण कामातून आलेलं होतं. बाहेर जायची गरजच संपली. मॅककॅन्डलेस पुरुष होते, तेही आतच राहिले. हिच्या बाबतीत गरज संपली नव्हती. समुद्र तिथेच होता, नमुने घ्यायचे होते, ज्याने ते घेतले त्याला हिनेच शिकवून पाठवलं. राहिलं काय, तर एका केबिनचा हिशोब. आणि त्या हिशोबात बाईमाणूस असण्याचा तोटा तिच्या एकटीच्या वाट्याला आला. एअरलॉकची गोष्ट सांगून मी तिला नकळत समजावत होते की हेही कामातलंच थांबणं समज आणि सोसून घे. एका उत्तम गोष्टीचा असा वापर होऊ शकतो, आणि आपण वडीलधारे तो सर्रास करतो. मुलीला समजावणं सोपं पडतं. खाटेचा हिशोब कुणी मांडला हे विचारणं जड जातं.

मग आम्ही त्या दुपारी वाचनालयाच्या टेबलावर दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. वहीच्या एका पानावर तिने लिहिलं, राखीव माणूस म्हणून काय करायचं असतं : क्रेट पोचले, यादीवर सही आहे, मुलाला द्रावणं घालण्याचा क्रम सांगितला, बुडबुड्याचं सांगितलं, लेबल आणि नोंदवही यांचा मेळ सांगितला. त्या पानावर तिचं काही चुकलेलं नव्हतं. दुसऱ्या पानावर लिहिलं, काय अन्यायाचं झालं. तिथे पहिल्यांदा तिने "मला डावललं" असं लिहिलं आणि मग स्वतःच खोडलं. म्हणाली, "हे लिहिलं तर ते म्हणतील मुलगी रडते. आकडे लिहिते."

ते ऐकून मला सॅली राईड आठवल्या आणि तिलाही मी सांगितलं. राईड यांच्या १९८३ च्या पहिल्या उड्डाणाआधी नासाच्या अभियंत्यांनी त्यांना विचारलं होतं, एका आठवड्याच्या प्रवासाला शंभर टॅम्पॉन हा आकडा बरोबर आहे का? तोपर्यंत तिथल्या यानांत पुरुषच गेलेले, त्यामुळे हुशार अभियंत्यांनाही साधी गोष्ट माहीत नव्हती. राईड यांनी सांगितलं, हा आकडा बरोबर नाही. हिला ती गोष्ट पटली. तिचं म्हणणं असं की त्यांनी निदान विचारलं तरी. आपल्याकडे विचारतच नाहीत, आपल्या वतीने ठरवून मोकळे होतात.

मग ती एकदम म्हणाली, "अदिती पंतांबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. दोघी होत्या, बाई." खरंच, मी वर्षानुवर्षं ती दोन नावं एका दमात सांगत आले, पण दोघी असण्याकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. नासाच्या तुकडीत सहा जणी. एकटीला घेतलं की दुसरी गळताच तीही गळते.

अर्ज तिने स्वतः लिहिला, अर्ध्या पानाचा. मी फक्त एक वेलांटी दुरुस्त केली. दुःखाचा शब्द नाही. मागण्या तीन. केबिन वाटपाची यादी निवडीच्या यादीबरोबरच जाहीर व्हावी. प्रत्येक क्रूझच्या राखीव यादीत किमान एक स्त्री असावी, म्हणजे एकीचं येणं रद्द झालं तर दुसरीचा बंक आपोआप जाणार नाही. आणि ज्याच्या प्रबंधाचे नमुने आहेत त्याला वगळायचं असेल तर कारण लेखी द्यावं. खाली सही. तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक, म्हणजे गाईड बाईंनी तो वाचला, आपली शिफारस जोडली आणि पुढे पाठवला. त्यांचंही मला कौतुक वाटलं. असे कागद टेबलाच्या खणात ठेवणारे पुष्कळ असतात.

घरी मात्र निराळंच चाललं होतं. आईला वाटत होतं की अर्ज केला म्हणजे मुलगी डोळ्यांवर आली, पुढे कुणी घेणार नाही. मावशीने एक स्थळ सुचवलं, मुलगा पणजीत बँकेत. वडील कुळागरात पोफळींचं बघत असतात, मितभाषी माणूस. ते या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. मी त्यांच्याशी बोलायला मुद्दाम कुळागरात गेले. पाटाचं पाणी वळवत होते. मी समुद्राचं, प्राणवायूचं, जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पाटाला माती लावली, आणि विचारलं, "बाई, त्या बोटीर एकूण खाटी कितल्यो?" मला आकडा सांगता आला नाही. ते म्हणाले, तिला विचारतो. त्या रात्री त्यांनी तिला खरंच विचारलं, आणि बापलेकी पडवीत बसून जहाजाचा आराखडा बघत होती, असं तिची आई मला सांगत होती. स्थळाचा विषय त्या महिन्यात पुन्हा निघाला नाही.

नंतर

जहाज परत आलं. क्रेट उतरवून घ्यायला ती बंदरावर गेली. एकशे ब्याण्णवपैकी तीन बाटल्या फुटल्या होत्या. दोन बाटल्यांवरची खोली आणि नोंदवहीतली खोली जुळत नव्हती. हे तिच्याच लक्षात आलं, कारण कोणती बाटली कोणत्या क्रेटच्या कोणत्या घरात ठेवली होती हे तिला पाठ होतं. त्या मुलाने चूक लगेच मान्य केली. अदलाबदल सापडली, नाहीतर पन्नास मीटरचं पाणी दोनशे मीटरचं म्हणून आलेखात गेलं असतं. प्रयोगशाळेत तिचं काम सुरू झालं. पेन्सिलीची अक्षरं एकही पुसलेली नव्हती.

अर्जाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. दोन ओळींचं. पहिल्या दोन सूचनांचा "विचार करण्यात येईल", तिसरीबद्दल काही नाही. मी याला यश म्हणणार नाही. पण पुढच्या क्रूझसाठी नावं मागवणारं पत्रक आलं तेव्हा त्यात केबिनचा रकाना होता, हे खरं आहे. तो तिच्या अर्जामुळे आला की आणखी कुणी बोललं होतं, मला सांगता येणार नाही. तिला त्याची फिकीर नाही.

उत्तर येण्याच्या बऱ्याच आधीची, ऑक्टोबर संपता संपताची एक गोष्ट राहिली. गाईड बाईंनी एका दिवसाच्या फेरीत तिला घेतलं. मोठं जहाज नाही, मासेमारीसारखी साधी होडी, पहाटे मांडवीतून निघून दुपारी परत. मुक्काम नाही, त्यामुळे खाटेचा प्रश्नच नाही. आईने रात्रीच पोळ्या करून ठेवल्या, वडील तिला स्कूटरवरून धक्क्यावर सोडून आले. होडी हलली तशी तिला उलटी झाली, दोनदा. हे तिने मला स्वतः सांगितलं आणि लपवू नका म्हणाली. पंचवीसेक मीटर पाणी असलेल्या जागी नांगर टाकला. बाटली दोरीला लावून तळाजवळ सोडली, वर घेतली. पाण्याला कुजल्या अंड्यांसारखा किंचित वास होता. तिने नळी लावली, तळाला टेकवली, ओसंडू दिलं, बूच बसवलं, दोन्ही द्रावणं सोडली, बाटली उलटसुलट केली आणि उन्हाकडे धरली.

मी बाजारात होते, फोंड्याच्या मासळी मार्केटच्या दारात, हातात पिशवी. फोन वाजला. मागे इंजिनाचा आवाज, वारा, तिचं अर्धं बोलणं उडून जात होतं.

"बाई, पांढरा. अगदी पांढरा."